कुत्र्याने डबाभर क्रीम चीज खाल्लं, मदत हवी आहे (तातडीचं)

घाईतली_ताई: फोन घ्यायला आत गेले, परत येते तर डबा फरशीवर आणि आतून चाटूनपुसून लख्ख. नेटवर अर्धे म्हणतात चालतं, अर्धे म्हणतात विष. मीठ-पाणी पाजून उलटी काढू का? पटकन सांगा.

भूभूप्रेमी: मीठ अजिबात नको! मिठाचीच विषबाधा व्हायची. वजन किती? डबा केवढा? कधी खाल्लं?

जुना_खांब: काही होत नाही हो. आमच्याकडे पाच वर्षं रोजची गोळी चीजमध्येच लपवून देतोय.

भूभूप्रेमी: खांबसाहेब, गोळीपुरतं चीज आणि डबाभर चीज यात फरक आहे. क्रीम चीजमध्ये जवळपास तिसरा हिस्सा चरबी. एकदम एवढी पोटात गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आमची दोन दिवस पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून कण्हत होती. सलाईन लावावं लागलं.

शिस्तप्रिय: मुळात टेबलावरचं घ्यायचं नाही हे पिल्लू असतानाच शिकवावं लागतं.

घाईतली_ताई: ते नंतर बघू! ९ किलो. २०० ग्रॅमचा डबा, अर्धा भरलेला. तासही झाला नाही. आत्ता तरी मजेत आहे, शेपूट हलतेय.

नुसतीच_वाचक: साधं होतं की फ्लेवरचं?

घाईतली_ताई: डब्यावर हिरवी पात काढलीय. थांबा. लसूण आणि चाइव्ह्ज.

भूभूप्रेमी: अहो, हे आधी सांगायचं ना! दोन्ही कांद्याच्या कुळातले. कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, लक्षणं दिसायला तीन-चार दिवसही लागतात. शेपटीवर जाऊ नका. डॉक्टरांना लगेच फोन करा, उलटी काढायची तर तेच काढतील.

जुना_खांब: लसूण तर जंतांवर देतात.

भूभूप्रेमी: देतात, आणि चुकतात.

मनीची_आई: माझ्या मांजरीला ब्लू चीज आवडतं, चालेल का?

नुसतीच_वाचक: मांजरीचा वेगळा धागा काढा. कुत्र्याला तर ते मुळीच नको. त्या चीजमधल्या निळ्या बुरशीत रोकफोर्टीन सी नावाचं विष असतं, थरथर सुटते, झटके येतात.

घाईतली_ताई: फोन लागला. डबा घेऊन आत्ताच या म्हणाले, निघतेय. डब्यावरचा चांदीचा कागद कुठेच सापडत नाहीये. तेही सांगू का?

भूभूप्रेमी: हो!!