तरुण संघाच्या शिबिराचं पोस्टर, दादांचा क्यूआर कोड आणि अहवालातले ११० तरुण

दुसरी_शिफ्ट

सलाम. पुण्यातल्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा मी खजिनदार आहे. मंडळीचं नाव कृपया विचारू नका. चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. वार्षिक सभेत "याला एक्सेल येतं" एवढ्या भांडवलावर मला निवडलं. आधीच्या खजिनदाराने बिलं, दोन पावतीपुस्तकं आणि एक बंद कॅल्क्युलेटर असलेली प्लास्टिकची पिशवी हातात दिली आणि तो सुटला.

पुढच्या महिन्यात लोणावळ्याला दोन दिवसांचं निवासी शिबिर आहे. पोस्टर तयार झालंय: स्पर्धा परीक्षा, मुलाखत, आत्मविश्वास, राहणं-जेवण मोफत. खाली दोन मोबाइल नंबर. मंडळीचं नाव नाही, संघाचं नाही, साधा क्रूसही नाही. हे पोस्टर सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर लावायचं ठरलंय. खर्चाचा अंदाज मीच काढतोय, त्यामुळे आतला कार्यक्रम माझ्याकडे आहे. मुलाखतीचं सत्र एकच. बाकी गीतं, साक्षी, संदेश, आणि शनिवारी रात्री समर्पणाची, म्हणजे आपलं जीवन प्रभूला देण्याची, सभा. त्या सभेबद्दल माझी तक्रार नाही. माझं स्वतःचं समर्पण अशाच शिबिरात झालं. पण बसमध्ये चढताना आपण कुठं चाललोय हे मला माहीत होतं.

संघाच्या पुढाऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आधी येऊ तर दे पोरांना. सापासारखं चतुर व्हा असं प्रभूनेच सांगितलंय."

दुसरं, देणगीच्या आवाहनावर जो क्यूआर कोड फिरतोय तो दादांच्या स्वतःच्या खात्याचा आहे. "संघाच्या खात्याला कागदपत्रं लागतात, कुठं फिरत बसू?" दादा पैसे खातात असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्यांच्या गाडीचा हप्ता थकलाय हे मला माहीत आहे, आणि खाणारा माणूस हप्ता थकवत नाही.

तिसरी गोष्ट जास्त टोचते. गेल्या वर्षीच्या अहवालात लिहिलंय की शिबिरात ११० तरुणांनी आपलं जीवन प्रभूला दिलं. तो देणगीदारांना गेला, त्यात परदेशातली एक मंडळीही आहे. पिशवीत केटररचं बिल सापडलं. ३८ ताटं, स्वयंसेवक धरून. आता यंदाच्या अहवालाखाली माझी सही हवी आहे.

काही विचारलं की "कुरकुर करू नकोस, इस्राएल लोकांनी अरण्यात हेच केलं" असं ऐकवतात. संघ मला सोडायचा नाही. फूटही पाडायची नाही. आधी कमिटीत मांडू, की सरळ पाळकसाहेबांकडे जाऊ?

नगरची_मावशी

बाळा, सलाम. आधी सही करू नकोस. बाकी सगळं नंतर.

मी ऑडिटच्या कामातून निवृत्त झालेय आणि मंडळीच्या कमिटीवरही पुष्कळ वर्षं काढलीत, म्हणून जरा लांब लिहिते. पहिला प्रश्न दादांना नाही, मंडळीच्या सेक्रेटरीला विचार: संघ स्वतंत्र नोंदलेला आहे की मंडळीच्या ट्रस्टखाली येतो? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे, आधी त्याच्या नावात मुंबई होतं. ट्रस्टला नोंदणी क्रमांक असतो. परिशिष्ट एकचा उतारा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतो, विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय ते त्यावर दिसतं. संघ ट्रस्टखाली असेल तर संघाचा रुपया हा ट्रस्टचा रुपया. तो ट्रस्टच्याच खात्यात गेला पाहिजे, नंबर छापलेल्या पावतीवर, आणि वर्षाअखेरीस सीएच्या समोर. दादांच्या खात्यात आला तर कागदोपत्री तो दादांचा. उद्या त्यांच्या खात्याबद्दल कुणी नोटीस धाडली, तर "हे देवाचे पैसे आहेत" म्हणून भागणार नाही. त्यांना हे असंच सांग: दादा, तुमच्या काळजीपोटी म्हणतोय. खोटंही नाही ते.

संघ कुठंच नोंदलेला नसेल, तर लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी कलम ४१क खाली धर्मादायची परवानगी लागते. गणपती मंडळं काढतात तीच.

परदेशातल्या मंडळीचं वाचून मात्र माझा चहा गार झाला. दुबईतला आपला भारतीय पासपोर्टवाला माणूस स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान धरत नाहीत. पण तिथली संस्था किंवा तिथला नागरिक पाठवत असेल तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो. घेणाऱ्या संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. दादांच्या बचत खात्यात तो आला असेल तर ते प्रकरण तुमच्या संघापुरतं राहत नाही, अख्ख्या मंडळीवर येतं. हे आजच्या आज तपास.

आता ११०. तुझ्या दादांना ते खोटं वाटतच नसणार. शिबिरातली पोरं, कॅरोलला आलेली, कॉलेजच्या गेटवर पत्रिका घेतलेली, सगळी एकत्र मोजली असतील. मी असे अहवाल खूप पाहिलेत. देणगीदाराला आकडा हवा असतो, पुढच्या वर्षीची मदत त्या आकड्यावर असते, आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी दाखवायचा धीर कुणाला होत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं की कागदावर अर्धं पुणे तारलेलं असतं आणि रविवारी मागची बाकं रिकामी.

प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय काढ. हनन्या आणि सप्पीरा, जमीन विकून पैसे आणणारं जोडपं. सगळे पैसे का दिले नाहीस, असं पेत्र विचारतच नाही. जमीन त्याची होती, विकल्यावर पैसेही त्याच्याच हातात होते. थोडे दिले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं. थोडे देऊन सगळे दिल्याचं दाखवलं, तिथं तो पडला. स्वयंसेवक वजा जाता तीसेक पोरं असतील तर तीस लिहा. तीस पोरं मोबाइल बाजूला ठेवून दोन दिवस बायबल उघडून बसली, याला कुठला समजूतदार देणगीदार नाक मुरडेल?

आणि "माझ्यावर विश्वास नाही का" असं दादा म्हणाले तर करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातला आठवा अध्याय दाखव. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेला निधी न्यायचा होता, तर पौल तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. पौलाला तेव्हा कुणी चोर म्हटलेलं नव्हतं. बारा शिष्यांत थैली कुणाकडे होती तेही आठव, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाकडे. (हा विनोद खजिनदाराला जन्मभर ऐकावा लागतो, सवय करून घे.)

क्रम विचारलास. आधी दादांशी एकट्याने बोल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलीच पायरी आहे ती. पण त्याच रात्री त्यांना दोन ओळी व्हॉट्सॲप कर की आज आपलं असं असं बोलणं झालं. ऐकलं नाही तर पाळकसाहेब आणि ट्रस्टचे खजिनदार, दोघांकडे एकाच दिवशी जा. एकाला सांगून दुसऱ्याची वाट बघत बसू नकोस.

सापाचं म्हणशील तर त्याच ओळीत पुढं कबुतरही आहे, निरुपद्रवी. दादांना ओळ पुरी वाचायला सांग.

मानाचा_नसलेला_गणपती

मी तुमच्यातला नाही, पण खजिनदार आहे, म्हणून घुसतो. आमच्या मंडळाच्या क्यूआर कोडवर एकदा अध्यक्षाचं नाव आलं होतं. समोरच्या वाड्यातल्या काकूंनी ते चार लोकांत मोठ्यांदा वाचून दाखवलं, अध्यक्ष आठवडाभर त्या बोळातून गेला नाही. विसर्जन झालं की आम्ही जमाखर्च फ्लेक्सवर लावतो. मांडववाल्याला किती, ढोल पथकाला किती, रोषणाईला किती. त्यावरून भांडणं होतात. होऊ देत. कुजबुजीपेक्षा परवडतात.

पोस्टरबद्दल एक सांगू का? १८९० मध्ये इथंच पंचहौद मिशनमध्ये, ख्रिस्ती लोकांकडे, टिळक, रानडे वगैरे मंडळी गेली, चहा पुढं आला, नंतर नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एवढा गोंधळ झाला, तरी आपण कुणाच्या दिवाणखान्यात बसलोय हे त्यांना ठाऊक होतं राव! तुमचं पोस्टर तेवढंही सांगत नाही.

खुर्ची_नंबर_१४

मी परभणीची, एमपीएससी करते. तुमचं पोस्टर ज्या अभ्यासिकांबाहेर लागणार आहे तशाच एकीत बसते, म्हणून लिहिते.

मला दोन वर्षांपूर्वी "ताण व्यवस्थापन" म्हणून नेलं होतं. ते लोक ख्रिश्चन नव्हते, वेगळाच पंथ होता, नाव लिहीत नाही. रविवारी सकाळी, नाश्ता मोफत. मेसचं जेवण खाऊन कंटाळलेल्या माणसाला गरम पोहे आणि कुणीतरी "ताई, घरी बोलणं झालं का?" असं विचारणं, याची किंमत तुम्हाला पुण्यात घर असेल तर कळणार नाही. आम्ही गेलो. पहिल्या रविवारी श्वसन, पुढच्या वेळी गोष्टी, मग एके दिवशी समोर फोटो आला आणि सगळे एकदम नमस्काराला वाकले. मीही वाकले. पोहे खाल्ले होते ना.

चिडले ते त्या फोटोवर नाही. आधीच सांगितलं असतं तर कदाचित मी कुतूहलानेही गेले असते. चीड आली ती फॉर्मची. पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला होता: आईवडिलांशी संबंध कसे आहेत, रात्री झोप लागते का, सगळ्यात मोठी भीती कुठली. मी खरं लिहिलं, कारण वर "ताण व्यवस्थापन" लिहिलं होतं. नंतर एक दीदी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या मनात बाबांबद्दल राग आहे असं मला जाणवतंय." तिला जाणवलं नव्हतं, तिने वाचलं होतं. मी तेव्हा रडले आणि मला वाटलं, हिच्याकडे काहीतरी शक्ती आहे. खरं कळायला बरेच दिवस गेले.

तुमच्या शिबिरात फॉर्म आहे का? असेल तर तो कोण वाचणार आणि कशासाठी, हे त्यावरच छापा. आणि रात्रीच्या सभेला ज्याला बसायचं नाही त्याला खोलीत पुस्तक घेऊन बसता येईल, हे बसमध्ये चढण्याआधी सांगा. लोणावळ्याला रात्री दहा वाजता "नको असेल तर जा" म्हणण्यात काही अर्थ नसतो, शेवटची लोकल कुठली हे त्या मुलीला माहीतही नसतं.

शांती_असो

दुसरी_शिफ्ट, तुझा हेतू चांगला असेल, पण हे इथं लिहायला नको होतं. आजकाल वातावरण कसं आहे तुला माहीत आहे. नाव टाकलं तर पोस्टर फाडतात, हॉल दिलेला माणूस आदल्या दिवशी नाही म्हणतो. दादांनी नाव का टाकलं नाही, याचा तरी विचार कर. आणि घरचं धुणं चव्हाट्यावर वाळत घालून कुणाचं भलं होणार?

नगरची_मावशी

शांती_असो, भीती खोटी नाही, माझ्याही घरात आहे. म्हणूनच म्हणते. नाव लपवून पोरांना लोणावळ्याला नेलं आणि एकाच्या बापाने तिथून फोन लावला, की "फसवून नेलं" हे वाक्य त्यांना आपणच लिहून दिलेलं असेल. नाव टाकून दहा पोरं येतील. दहा येऊ देत.

खुर्ची_नंबर_१४, पोरी, बरं केलंस लिहिलंस. फॉर्मचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अजून एक राहिलं. अठराच्या आतली कुणी येणार आहेत का? इंग्लंडमध्ये सोल सर्व्हायव्हर म्हणून तरुणांचे मोठे उन्हाळी मेळावे भरायचे, १९९३ पासून. त्याचे संस्थापक माइक पिलावाची यांच्याविरुद्धच्या तक्रारी २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या चौकशीत खऱ्या ठरल्या. तरुण मुलांशी कुस्ती, मालिश, लोकांवर दाब ठेवणारं वागणं. सेवा एवढी मोठी की त्या माणसाला अडवायचं कुणी? आपल्या दादांवर मी काही म्हणत नाहीये. पण पालकांचं लेखी संमतीपत्र, मुलींसाठी वेगळ्या खोल्या आणि सोबत बायका, आणि बंद दाराआड एकेकट्याचं समुपदेशन नाही, एवढं पाहिजेच. काही घडल्याचं कळलं तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. "मंडळीत मिटवू" हा पर्याय कायद्यात नाही.

दुसरी_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी होती, म्हणून उशीर झाला.

दादांशी बोललो, एकट्यानेच. सुरुवात फार वाईट झाली. "तू केटररची बिलं मोजत बसलास?" असं म्हणाले. मग बराच वेळ गप्प. खुर्ची_नंबर_१४ यांचं लिखाण मी त्यांना नाव न घेता वाचून दाखवलं, तिथं जरा ऐकले. पोस्टर बदलतंय: मंडळीचं नाव वर येईल, खाली "प्रार्थना व बायबल अभ्यासासह" अशी ओळ. मुलाखतीचं सत्र आता दोन भागांत आहे, कारण मी म्हटलं, वर मोठ्या अक्षरात तेच लिहायचं असेल तर तेवढं द्या तरी.

संघ ट्रस्टखालीच आहे. क्यूआर कोड अजून तोच फिरतोय. ट्रस्टचे खजिनदार गावी गेलेत, आल्यावर बदलू म्हणतात. मी माझ्यापुरतं तो पुढं पाठवणं थांबवलंय. परदेशी पैसे दादांच्या खात्यात आलेले नाहीत, त्या मंडळीने फक्त वाद्यं पाठवली होती. मावशी, वस्तूंनाही तोच नियम आहे का? अहवालावर सही केलेली नाही. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतात.

गेल्या वर्षीच्या ११० चं काय करायचं? देणगीदारांना दुरुस्ती पाठवायची का?

नगरची_मावशी

हो, पाठवायची. पाळकसाहेबांच्या सहीने, चार ओळीत, कारणं न देता: गेल्या अहवालात शिबिराला आलेल्यांची संख्या चुकली होती, ती इतकी आहे. यंदाच्या अहवालाआधी गेली पाहिजे, त्याच्यासोबत नाही. वस्तूही विदेशी योगदानात येतात, व्यक्तिगत वापरासाठी दिलेल्या छोट्या भेटीला सूट आहे, संघाला आलेल्या वाद्यांना ती लागू धरू नकोस. वाद्यांची बिलं किंवा पार्सलचे कागद असतील ते घेऊन एफसीआरएचं काम करणाऱ्या सीएकडे जा. मंडळीचा नेहमीचा नको.

दुसरी_शिफ्ट

बरं. पालकांच्या संमतीपत्राचा मराठी नमुना कुणाकडे आहे का?

मानाचा_नसलेला_गणपती

आमच्या ढोल पथकाचा आहे, अठराखालच्या पोरांसाठी. सराव, प्रवास, औषधं, फोटो, सगळं आहे त्यात. ढोल-ताशाचा परिच्छेद काढून टाक. पाठवलाय, मेसेज बघ.