मदत हवी आहे: सासऱ्यांना उन्हाळ्यात घामच येत नाही

आम्ही चंद्रपूरचे. सासरे ७८ वर्षांचे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. मे महिन्यात भर दुपारी अंग तापलेलं, कातडी कोरडी ठक्क, आणि वर म्हणतात, "तहान नाही गं." वयानुसार घाम आणि तहान दोन्ही कमी होतात हे कळतं. अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला तर तो उष्माघात. तिथे पॅरासिटामॉल कामाचं नाही, अंग ओलं करून वारा घालत थेट दवाखाना गाठायचा, हेही माहीत आहे. प्रश्न त्याआधीचा आहे. अशा म्हाताऱ्यांना पाणी कसं पाजता? कैरीचं पन्हं आवडीनं घेतात, पण रक्तदाब असताना मीठ किती घालायचं? आणि मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलर नुसती ओल फेकतो, तेव्हा काय करता? (गोळीबद्दल डॉक्टरांनाच विचारणार, ती बंद करायचे सल्ले नकोत.)