कामोओआलेवा या लघुग्रहाला पृथ्वीचा ‘दुसरा चंद्र’ म्हणता येईल का?

प्रश्न
नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. कामोओआलेवा या लघुग्रहाचा उल्लेख एका बातमीत ‘पृथ्वीचा दुसरा चंद्र’ असा आला आणि नववीतील एका मुलीने ते कात्रण वर्गात आणून विचारले, की तो सूर्याभोवती फिरत असेल तर पृथ्वीभोवती कसा फिरेल. मी फळ्यावर पृथ्वीभोवती एक मोठे वर्तुळ काढून वेळ मारून नेली, पण ते उत्तर माझे मलाच पटलेले नाही. त्याची कक्षा नेमकी कशी आहे आणि तो दगड आहे तरी कसला, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
मुलीची शंका अगदी रास्त आहे; तो चंद्र नव्हे. हवाई बेटांवरील हालेआकाला येथील पॅन-स्टार्स दुर्बिणीने २७ एप्रिल २०१६ रोजी टिपलेला हा लघुग्रह सूर्याचीच परिक्रमा करतो आणि एका फेरीस त्याला जवळजवळ एक वर्षच लागते. फरक आहे तो कक्षेच्या आकारात. पृथ्वीची कक्षा जवळपास वर्तुळाकार आहे, तर याचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे १३.४ कोटी ते १६.५ कोटी किलोमीटर असे बदलते. शिवाय त्याची कक्षा जवळपास ८ अंशांनी कललेली आहे.

वर्गात देवळातील प्रदक्षिणेचे उदाहरण द्यावे. दोघांची प्रदक्षिणा एकाच वेळेत पूर्ण होते; एक जण गाभाऱ्यापासून सारखे अंतर राखून चालतो, तर दुसरा कधी भिंतीलगत येऊन झपाझप पावले उचलतो आणि कधी ओवरीकडे सरकून रेंगाळतो. पहिल्याच्या नजरेने पाहिले, तर दुसरा आतल्या बाजूने पुढे जातो, मग बाहेरच्या बाजूने मागे पडतो आणि पुन्हा आत शिरतो, म्हणजे त्याच्याभोवती उलट्या दिशेने एक फेरी घालतो. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला एखादी वस्तू उपग्रह म्हणून धरून ठेवता येते ती साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंतच. हा लघुग्रह मात्र चंद्राच्या अंतराच्या सुमारे ३८ पटींच्या, म्हणजे जवळजवळ दीड कोटी किलोमीटरच्या, आत येत नाही.

उत्तर २
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. पृथ्वीची ओढ क्षीण असली तरी ती निरुपयोगी नाही: लघुग्रह पुढेमागे वाहवत जाऊ लागला की तीच त्याला आवरते, म्हणून सुमारे शंभर वर्षे तो आपल्या सोबतीला आहे आणि आणखी काही शतके राहील, असे गणित सांगते. अशा वस्तूला कोणी ‘अर्ध-उपग्रह’ म्हणतात; मला तो शब्द खटकतो, कारण त्यात अर्धे असे काहीच नाही. मुलांना ‘आभासी उपग्रह’ म्हणून सांगितल्यास अर्थ लगेच ध्यानात येईल.

उत्तर ३
दगडाविषयी लिहिते, कारण मला त्याचेच कुतूहल अधिक आहे. त्याचा आकार ४० ते १०० मीटरच्या दरम्यान असावा आणि तो अवघ्या २८ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. या वेगामुळे विषुववृत्तावरील खड्याला बाहेर फेकणारा जोर त्या दगडाच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट ठरतो. म्हणजे तिथे ठेवलेला सुटा खडा, चिकटून राहिला नाही तर, सरळ अवकाशात निघून जाईल. त्यावर यान उतरवून माती उचलणे किती अवघड आहे, याची यावरून कल्पना यावी. मे २०२५ मध्ये निघालेले चीनचे ‘त्येनवेन-२’ हे यान नेमके हेच करण्यासाठी गेले आहे.

त्या मातीची उत्सुकता असण्याचे कारणही तसेच आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णपटाच्या अभ्यासात त्याचा प्रकाश नेहमीच्या लघुग्रहांपेक्षा अधिक तांबूस आणि अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रावरील खडकांशी जुळणारा आढळला. पुढे २०२४ मध्ये काही संशोधकांनी चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरील, सुमारे २२ किलोमीटर रुंदीचे जोर्दानो ब्रूनो हे विवर त्याचे उगमस्थान असावे, असे सुचवले. हे खरे ठरले, तर तो चंद्राचाच उडालेला तुकडा ठरेल.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. उद्या फळ्यावर सूर्य मध्यभागी काढून आकृती पुन्हा काढते. अंतरे कोणत्या प्रमाणात दाखवावीत?

उत्तर १
सूर्य आणि पृथ्वी यांच्यात एक मीटर अंतर ठेवा. मग चंद्र पृथ्वीपासून अडीच मिलिमीटरवर, म्हणजे खडूच्या एका ठिपक्यातच येतो आणि हा लघुग्रह जवळ आला तरी दहा सेंटिमीटरवर राहतो. ते दहा सेंटिमीटर त्या मुलीलाच पट्टीने मोजायला सांगावे.