टॉर्कला (फिरवणाऱ्या जोराला) मराठीत काय लिहावं? पीळ चालेल का?

घोडबंदरकर: रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी कन्व्हेयरच्या डीसी मोटर कंट्रोलरचं माहितीपत्रक मराठीत करतोय. वाक्य आहे, पीडब्ल्यूएमची ड्यूटी सायकल कमी केली की टॉर्क कमी होतो. (पीडब्ल्यूएम म्हणजे मोटरचा सप्लाय भराभर चालू-बंद करणं, आणि त्यात सप्लाय किती टक्के वेळ चालू, ती ड्यूटी सायकल.) मी 'पीळ' लिहिलं तर तिथले सुपरवायझर म्हणाले पीळ माणसाला असतो, मोटरला नाही. ड्यूटी सायकललाही शब्द सुचवा.

नेरुळवाली: परिबल लिहा. मोमेंट ऑफ इनर्शियाला (फिरण्यातल्या बदलाला वस्तू करते त्या विरोधाला) निरूढी परिबल म्हणतातच की. आघूर्ण नको, ते हिंदीतलं.

वागळे इस्टेट: परिबल वाचून फिटरला काय कळणार ताई? माझे वडील मोटरी रिवाइंड करायचे, ते म्हणायचे 'मोटरला जोर नाही', 'लोड घेत नाही'. आणि दादा, तुमचं वाक्यच अर्धवट आहे. टॉर्क करंटवर ठरतो. 24 व्होल्टचा सप्लाय, ड्यूटी 50 टक्के, म्हणजे मोटरला सरासरी 12 व्होल्ट, पण मोटर फिरायला लागली की स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, तो वजा करून उरेल त्याला वाइंडिंगच्या रेझिस्टन्सने भागा, तो करंट. म्हणून त्याच ड्यूटीवर बेल्टवरचा माल वाढला की स्पीड पडतो, उलटा व्होल्टेज घटतो आणि करंट वाढून टॉर्कही वाढतो! 'त्याच स्पीडला टॉर्क कमी होतो' असं लिहा.

कळवा नाका: सुपरवायझरांचं उलटं आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, यातला पीळ दोरीचाच, माणसाला तो नंतर लागला.

नेरुळवाली: मान्य, पण पीळ म्हणजे पिळल्यावर दोरीत राहतो तो. शाफ्टला पीळ पडतो, मोटर देते ते वेगळं.

कळवा नाका: मग फिरवजोर म्हणा. ऐकताक्षणी कळतो.

वागळे इस्टेट: टॉर्कच ठेवा, बाइकवाली पोरंसुद्धा बोलतात. जोर म्हटलं की फोर्सच वाटतो.

नेरुळवाली: पोरं बोलतात म्हणून शब्द घडवायचेच नाहीत का? मग व्होल्टेजला विद्युतदाब तरी कशाला लिहिलं आपण?

घोडबंदरकर: वाक्य दुरुस्त करतो, धन्यवाद. ड्यूटी सायकलचं राहिलंच. आणि कमी स्पीडला मोटर बारीक शिट्टीसारखी वाजते, त्याला काय लिहू?

वागळे इस्टेट: लिहायचं नंतर बघू, आधी पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा चालू-बंद, किती ठेवलीय ते सांगा. 20 किलोहर्ट्झच्या वर नेली तर माणसाला ऐकूच येत नाही, वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे (करंट बदलायला ती करते त्या विरोधामुळे) करंटही जास्त सपाट राहतो, म्हणजे टॉर्कचे झटके कमी. फक्त स्विचिंगमुळे मॉस्फेट (सप्लाय चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जास्त तापतात, हीटसिंक बघून घ्या.