मदत हवी आहे : कम्युनिटी कॉलेजमधून सीएसयूला (अर्ली चाइल्डहूड). तीन वर्षांच्या बी.कॉम.चं काय करू?

निळीशाई

नमस्कार. कॅलिफोर्नियात, त्यातही बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास), कोणी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधून सीएसयूला, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला, गेलं असेल तर प्लीज लिहा. काउन्सेलर, वर्गातल्या मैत्रिणी आणि नवरा या तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली आहेत.

मी कोल्हापूरची, बी.कॉम. तिकडेच केलं. लग्नानंतर इकडे आले. एच-४ (नवऱ्याच्या व्हिसावरचा) व्हिसा आहे, ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, आहे. धाकटी शाळेत जायला लागल्यावर इथल्या कम्युनिटी कॉलेजात अर्ली चाइल्डहूडचे (लहान मुलांच्या शिक्षणाचे) कोर्स घ्यायला लागले. आम्ही राज्याचे रहिवासी धरले गेलो, त्यामुळे युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे झेपण्यासारखं. १२ युनिट झाल्यावर एका प्रीस्कूलमध्ये नोकरी मिळाली, तिथेच दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या वर्गावर आहे. आता मूळ आठही कोर्स (२४ युनिट) झालेत, शेवटचं प्रॅक्टिकम (वर्गातलं प्रत्यक्ष काम) सुद्धा. वर इन्फंट-टॉडलरचा एक आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे दोन कोर्स घेतलेत, कारण पुढे साइट सुपरवायझरचं (प्रीस्कूल केंद्र सांभाळण्याचं) परमिट काढायचा विचार होता.

हे काम मला मनापासून आवडतं. ऑब्झर्वेशनच्या कोर्सला बाईंनी माझ्या वहीतलं 'तो चिडला' खोडून लिहायला लावलं, 'त्याने ठोकळा जमिनीवर टाकला, दोन्ही मुठी आवळल्या, दाराकडे पाहिलं.' तेव्हापासून घरीसुद्धा भांडण सोडवताना मी आधी मुठी बघते!

पण प्रीस्कूलच्या पगारात इथे भागत नाही. २०२५-२६ पासून सरकारी शाळांत टीके, म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन, चार वर्षांच्या सगळ्या मुलांना खुलं झालंय. १ सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण झाली की प्रवेश. तिथे शिकवायला पीके-थ्री क्रेडेन्शियल (प्रीस्कूल ते तिसरीच्या शिक्षकाचा परवाना) चालतं आणि त्यासाठी बॅचलर लागते. म्हणून ट्रान्स्फर.

प्रश्न असे. काउन्सेलर म्हणते ट्रान्स्फरची असोसिएट डिग्री (एडीटी) कर, सीएसयूत प्रवेशाची हमी आहे. ही हमी खरी का? जास्तीचे तीन कोर्स धरतील का? आणि सगळ्यात मोठा, बी.कॉम. दाखवायचं की नाही? एक मैत्रीण म्हणते लिहूच नकोस, लिहिलंस तर 'तुमच्याकडे डिग्री आहे, दुसरी मिळणार नाही' म्हणून परत पाठवतील.

रानजाई

अगं, मी याच रस्त्याने गेले, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

हमी खरी आहे, पण ती 'सीएसयू'ची आहे, तुझ्या आवडत्या कॅम्पसची नाही. एडीटी करून किमान २.० जीपीए (ग्रेडची सरासरी) असेल तर सीएसयूत कुठेतरी जागा देतात आणि एडीटीशी जुळणारा विषय घेतलास तर उरलेल्या ६० युनिटांत बॅचलर संपते. सॅन होजेच्याच कॅम्पसला जायचं असेल तर तिथली स्पर्धा वेगळी. विषयाच्या नावावरही जाऊ नकोस. सॅन होजे आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेटला ही डिग्री 'चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसंट डेव्हलपमेंट' नावाने आहे. 'अर्ली चाइल्डहूड' शोधत बसलीस तर सापडणार नाही.

जास्तीच्या कोर्सांबद्दल मात्र नीट ऐक, कारण इथे सगळ्यांची गल्लत होते. परमिटची शिडी वेगळी, डिग्रीची वेगळी. तुझे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे कोर्स साइट सुपरवायझरच्या परमिटला लागतातच (सहा युनिट, शिवाय मोठ्यांच्या सुपरव्हिजनचे दोन), तेव्हा वाया गेले असं म्हणू नकोस. पण डिग्रीत ते बहुधा फक्त इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून बसतील. कम्युनिटी कॉलेजचा कोर्स लोअर डिव्हिजनचाच (पहिल्या दोन वर्षांचाच) धरला जातो. युनिव्हर्सिटीत तोच विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असला तरी तुझा कोर्स त्याच्या जागी बसत नाही. आणि कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिटच सीएसयू धरते. आता 'आवडला म्हणून' एकही कोर्स घेऊ नकोस, आर्टचा मोह झाला तरी.

कुठला कोर्स कशाच्या जागी बसतो ते असिस्ट डॉट ऑर्गवर तुझं कॉलेज आणि तो कॅम्पस टाकून बघ. काउन्सेलरच्या तोंडी शब्दापेक्षा तो कागद छापून ने. इंग्रजी लेखन, भाषण, क्रिटिकल थिंकिंग आणि गणित या चौघांत सी-मायनसच्या खाली जाऊन चालत नाही. आपल्या बायका गणित सहज काढतात आणि भाषणाचा कोर्स शेवटपर्यंत टाळतात. तू टाळू नकोस.

चकलीसम्राट

बी.कॉम. कशाला दाखवता? त्यांना कोण कळवणार आहे? माझ्या ओळखीत एकाने नाही दाखवलं, काही झालं नाही.

रानजाई

चकलीसम्राट, कृपया असले सल्ले देऊ नका. अर्जात आजवर शिकलेलं प्रत्येक कॉलेज लिहायचं असतं, परदेशातलंसुद्धा, आणि खाली सही असते. नंतर कळलं तर प्रवेश रद्द होतो. ही बाई व्हिसावर आहे आणि उद्या लहान मुलांच्या वर्गासाठी बोटांचे ठसे देणार आहे. तिच्या कागदात खोट कशाला?

दुपारचा_चहा

निळीशाईताई, तुमचा खरा प्रश्न बी.कॉम.चाच आहे, बाकीचं मार्गी लागेल. मैत्रिणीची भीती अगदीच खोटी नाही. सीएसयूचे बरेच कॅम्पस दुसऱ्या बॅचलरचे अर्ज घेत नाहीत किंवा मोजक्या विषयांनाच घेतात. पण आपली तीन वर्षांची डिग्री इथे बॅचलर धरायची की नाही, यावरच एकमत नसतं. परदेशी डिग्रीचं मूल्यांकन करणारी संस्था कोणती आणि अर्ज कुठे, यावर ठरतं.

म्हणून आधी मूल्यांकन, मग अर्ज. कोर्सनिहाय करून घ्या, नुसतं 'डिग्री समकक्ष आहे' एवढं नको. क्रेडेन्शियल देणाऱ्या सीटीसीची (राज्याच्या आयोगाची) मान्य संस्थांची स्वतःची यादी आहे आणि कॅम्पसची वेगळी असू शकते. दोन्हीकडे चालेल अशी संस्था शोधा, म्हणजे पैसे एकदाच जातील.

समकक्ष आली तर उलट बरंच. दुसरी बॅचलर करायचीच कशाला? थेट पीके-थ्री क्रेडेन्शियलच्या प्रोग्रॅमला विचारा. तुमचे २४ युनिट तिथे कामाला येतात. ६०० तासांचं वर्गातलं काम मात्र करावंच लागतं, आणि नोकरी सांभाळून ते कसं बसवायचं हे प्रोग्रॅमला आधीच विचारा. समकक्ष नाही आली तर तुम्ही सरळ ट्रान्स्फर विद्यार्थी. मग बी.कॉम.चे काही विषय जनरल एज्युकेशनला (सगळ्यांना घ्यावे लागणारे सामान्य विषय) किंवा इलेक्टिव्हला लागतात का ते कॅम्पस ठरवेल. ७० ची मर्यादा फक्त कम्युनिटी कॉलेजच्या युनिटांना आहे, हेही लक्षात असू द्या.

दोन्ही शक्यता मांडून अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा. फोनवर विचाराल तर दर वेळी वेगळा माणूस, वेगळं उत्तर.

निळीशाई

खूप आभार दोघींचे (दोघांचे?). थेट क्रेडेन्शियलचं तर डोक्यातच आलं नव्हतं!

एक अडचण राहिली. बी.कॉम.च्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे. पहिलं नाव तेच, पण मधलं वडिलांचं आणि आडनाव माहेरचं. पासपोर्टवर मधलं नवऱ्याचं, आडनाव सासरचं. मधलं नावही लग्नात बदलतं हे इथल्या बाईला फोनवर सांगता सांगता मीच गोंधळले. आणि ट्रान्सक्रिप्टसाठी (अधिकृत गुणपत्रकासाठी) भाऊ विद्यापीठात जाणार आहे, त्याला काय सांगू?

रानजाई

मॅरेज सर्टिफिकेट जोड. मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर कर. पासपोर्टची प्रत आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं अ‍ॅफिडेव्हिटही करून ठेव, कोणी मागितलं तर हाताशी असलेलं बरं. भावाला सांग, ट्रान्सक्रिप्ट घरी आणायचं नाही. बहुतेक संस्थांना ते विद्यापीठाकडून थेट हवं असतं, सीलबंद पाकिटात किंवा ऑनलाइन, आणि पाकिटावर संस्थेचा रेफरन्स नंबर लागतो. म्हणून आधी तू इथून खातं उघड, नंबर घे, मगच त्याला पाठव. तिन्ही वर्षांच्या मार्कशीट मागायला सांग, नुसती शेवटच्या वर्षाची नको.

आणि हे आत्ताच सुरू कर. फॉलचे (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राचे) सीएसयूचे अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला उघडतात, एका कॅम्पसला ७० डॉलर. तोवर मूल्यांकन हातात असेल तर कुठे अर्ज करायचा आणि कुठे नाही हे कळेल, फुकट फी जाणार नाही.

निळीशाई

भावाला मेसेज केला. तो म्हणतो गणपतीच्या सुट्टीआधी जाऊन येतो. सॅन होजे स्टेटचं क्रेडेन्शियल करताना अर्धवेळ नोकरी केलेली कोणी इथे आहे का?