मदत हवी आहे: कोर्टातल्या बातमीसाठी टीलाइन या शॉर्टहँड पद्धतीचा वेग कसा वाढवायचा?

इंग्लंडमध्ये पत्रकारिता शिकलेल्या मंडळींना विचारायचंय. तिथल्या कोर्टात परवानगीशिवाय रेकॉर्डिंग केलं तर १९८१च्या कायद्याने तो कोर्टाचा अवमान ठरतो, फोटोला तर १९२५ पासून बंदी. म्हणजे सगळी भिस्त शॉर्टहँडवर.

टीलाइन मिनिटाला ८० शब्दांपर्यंत नीट जमतं. १०० ला हात धावतो, पण वाचताना गाडी अडते. स्वर गाळल्यामुळे ‘लास्ट’, ‘लॉस्ट’, ‘लिस्ट’ एकसारखेच दिसतात. संदर्भावरून ओळखता येतं हे खरं, पण साक्षीच्या वाक्यात अंदाज चालत नाही; एक शब्द चुकला की बातमीच चुकीची.

आरोपीचं नाव, वय, पत्ता, आरोपाचं कलम हे सगळं साध्या लिपीत, समासात पूर्ण लिहायचं आणि सुनावणी संपल्यावर तासाभरात टिपणं उतरवून काढायची, एवढी शिस्त आहे. अडचण चालू बोलण्याची आहे.

सरावासाठी ११० च्या वेगाने एकेक मिनिट लिहावं, की ९० ने सलग चार मिनिटं? नेमका कोणता स्वर ठेवायचा, हे तुम्ही कसं ठरवता? आणि वकील भराभर बोलत असताना मागे पडलात, तर ते वाक्य सोडून पुढचं धरता का? कृपया सविस्तर सांगा.