सीजीपीए रूपांतराचं पायथन पॅकेज: राउंडिंग चुकतं, जेसन फाइल सापडत नाही

प्रश्न

१० पैकी सीजीपीएवरून टक्केवारी आणि जर्मन ग्रेड काढणारं छोटं पॅकेज आहे. ६४.५ राउंड केले की ६५ ऐवजी ६४ येतात. शिवाय टेस्टपायपीआयवरून (पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार असलेल्या पायपीआयची चाचणी-जागा) इन्स्टॉल केलं की सूत्रांची जेसन फाइल (साध्या मजकुरातली डेटा फाइल) सापडत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवलं तर सगळं सुरळीत. पायपीआयवर टाकण्याआधी काय दुरुस्त करू?

उत्तर १

पायथन ३ चं राउंड बरोबर मधोमध आलेली संख्या सम अंकाकडे नेतं: ६४.५ चे ६४, पण ६५.५ चे ६६. गुणपत्रिकेला हे चालणार नाही. डेसिमल (दशांश आकडे अचूक ठेवणारा पायथनचा प्रकार) वापरा, त्याच्या क्वांटाइझ या राउंड करणाऱ्या फंक्शनला राउंड-हाफ-अप द्या, म्हणजे मधोमधची संख्या वर जाते. आकडा मात्र अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणूनच द्यायचा. नुसता ८.२ दिलात तर आधी फ्लोट (संगणकाचा अंदाजे दशांश आकडा) होतो आणि डेसिमलच्या हाती ८.१९९९९९… पडतो. जेसनमधले आकडेही असेच बिघडतात. वाचताना पार्स-फ्लोट या पर्यायाला डेसिमल द्या.

आणि कृपा करून डीफॉल्ट सूत्र ठेवू नका. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) तक्त्याप्रमाणे (सीजीपीए वजा ०.७५) गुणिले १०, म्हणजे ७ चे ६२.५ टक्के. सीबीएसई दहावीच्या जुन्या ९.५ च्या गुणाकाराने तेच ६६.५. चार टक्क्यांत मुलाचा प्रवेश जाऊ शकतो. सूत्राचं नाव देणं सक्तीचं करा.

उत्तर २

जर्मन ग्रेडसाठी सुधारित बव्हेरियन सूत्र: १ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − उत्तीर्णतेचे किमान). कमाल १०, किमान ४ धरून ८.२ चे १.९ येतात, किमान ५ धरलं तर २.०८. म्हणून किमान कोडमध्ये पक्कं करू नका, वापरणाऱ्याकडून घ्या.

८.१ ची टेस्ट नक्की लिहा. किमान ४ धरून उत्तर १.९५. पुढचे अंक नुसते छाटले तर १.९, राउंड केलं तर २.०. कुठे छाटतात, कुठे राउंड करतात. दोन्ही पर्याय ठेवा.

उत्तर ३

जेसनचं: फाइल व्हीलमध्ये (इन्स्टॉल होणारी पॅकेजची तयार फाइल) गेलेलीच नसणार. व्हील म्हणजे झिपच, उघडून यादी बघा. फाइल एसआरसीखालच्या पॅकेजच्या फोल्डरात हलवा आणि पायथनच्याच इम्पोर्टलिब-रिसोर्सेस मॉड्यूलने वाचा. चालू फोल्डरवरून रचलेला पाथ इन्स्टॉलनंतर तुटतो. पॅकेज बांधायला सेटअपटूल्स असेल तर पायप्रोजेक्ट-टॉमल या सेटिंगच्या फाइलमध्ये पॅकेज-डेटाखाली तिची नोंद करा.

मग डिस्ट फोल्डर (तयार फाइली जिथे येतात ते) रिकामं करून बिल्ड, ट्वाइन चेक (अपलोडच्या साधनाची तपासणी), आणि कोऱ्या व्हेन्वमध्ये (पायथनचं वेगळं, स्वतंत्र वातावरण) तेच व्हील इन्स्टॉल करून प्रोजेक्टच्या बाहेरच्या फोल्डरातून चालवून बघणं. ही पायरी गाळू नका, कारण पायपीआयवर एकदा चढलेलं फाइलनाव डिलीट करूनही परत वापरता येत नाही. ०.१.० बिघडलं की ०.१.१ च काढावं लागतं.

टेस्टपायपीआयचं खातं आणि टोकन (अपलोडसाठी पासवर्डच्या जागी लागणारी किल्ली) वेगळं असतं, ते मुख्य पायपीआयवर चालत नाही. युजरनेमच्या जागी टोकन हा शब्द, मागे-पुढे दोन-दोन अंडरस्कोर लावून.